बर्फावर उतरताना छोटी विमानं उलटतात ती का?

वाऱ्याची_दिशा

अलास्का आणि कॅनडातल्या हिवाळी अपघातांचे अहवाल वाचले की एक वाक्य हमखास भेटतं: विमान टेकलं, थोडं धावलं, नाकावर गेलं आणि पाठीवर उलटलं. माणसं बरेचदा पट्टे सोडून स्वतःच्या पायांनी बाहेर येतात, पण प्रोपेलर, पंखांचे तिरके आधारदांडे आणि शेपटीचा उभा भाग कामातून जातो. विमानं नेहमीचीच असतात: सुपर कब, सेस्ना १७२, १८०, १८५.

वैमानिकाचा हात कच्चा होता म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. टेकण्याआधीच निकाल लागलेला असतो. खाली किती बर्फ आहे, त्याखाली काय आहे, वरचा थर वजन पेलेल का, हे न तपासता उतरायचं ठरवलेलं असतं. इथे जाणकार मंडळी आहेत म्हणून धागा काढला. उलटण्यामागची यंत्रणा नेमकी काय, वरून पृष्ठभाग वाचायचा कसा आणि इंजिन बंद पडल्यामुळे उतरावं लागलं तर काय बदलतं, यावर सविस्तर लिहा.

टेलव्हील

यंत्रणेपासून सुरुवात करतो. विमानाचा गुरुत्वमध्य चाकांच्या बराच वर असतो. चाक बर्फात रुतलं की मागे खेचणारं बल खाली, चाकापाशी लागतं आणि वरचं वजन पुढे जात राहतं. शेपटी वर उचलणारा आघूर्ण (फिरवणारा जोर) म्हणजे हे बल गुणिले गुरुत्वमध्याची उंची. शेपटी खाली धरणारा आघूर्ण म्हणजे वजन गुणिले चाकापासून गुरुत्वमध्यापर्यंतचं आडवं अंतर, अधिक एलिव्हेटरचा (शेपटीवरच्या हलत्या आडव्या पट्टीचा) जोर. टेलव्हील विमानात, म्हणजे मुख्य चाकं पुढे आणि छोटं चाक शेपटीखाली असलेल्या विमानात, हे आडवं अंतर मुळातच कमी असतं.

आता एलिव्हेटरचा जोर वेगावर अवलंबून असतो. टेकताना स्टिक (वैमानिकाच्या हातातला नियंत्रणाचा दांडा) पूर्ण मागे असेल तर शेपटी खाली राहते, वैमानिकाला वाटतं जमलं. वेग उतरत जातो तसा एलिव्हेटर दुबळा होतो, आणि त्याच वेळी पंखांवरचा भार चाकांवर आल्यामुळे चाकं आणखी खोल जातात. म्हणून पुष्कळ विमानं धाव संपता संपता, माणूस भराभर चालेल इतक्या वेगाला उलटतात.

नोजव्हीलच्या विमानात पुढचं चाक नांगरासारखं घुसतं, त्याचा दांडा मागे दुमडतो आणि मग प्रोपेलर व काउलिंग (इंजिनचं आवरण) बर्फात जातं. बर्फ खोल असेल तर तेही पाठीवर जातं.

अनुजा_क

टेलव्हील, छान मांडलंत. एक भर घालते. थर दोन्ही बाजूंनी सारखा तुटेल असं नसतं. वाऱ्याने घट्ट झालेल्या पापुद्र्यावर एक चाक किंवा एक स्की (चाकाच्या जागी लावलेली लांब घसरपट्टी) टिकते आणि दुसरी आत जाते. मग विमान आधी गर्रकन वळतं, बाहेरच्या बाजूचा पंख टेकतो आणि नंतर उलटतं. अशा अहवालात दोष ‘दिशेवरचं नियंत्रण सुटलं’ असा लिहिलेला असतो, पण मूळ कारण पापुद्रा हेच असतं.

रनवे_नको

चाकांवरची फेअरिंग (आवरणं) हिवाळ्यात काढून ठेवावी हेही लिहून ठेवा. आत बर्फ ठासून बसतो, गोठतो आणि चाक फिरत नाही. ब्रेकच्या डिस्कवर उडालेला चिखलबर्फही हवेत गोठतो. पुढचं लँडिंग कोरड्या डांबरी धावपट्टीवर असलं तरी चाकं जाम असतात आणि टायर फुटतो. चिखलबर्फातून उडाल्यावर ब्रेक दोन-चार वेळा दाबून सोडावेत ते यासाठीच.

हिमरेषा

पृष्ठभाग वाचण्याबद्दल. आकाश ढगांनी भरलेलं असलं की उजेड सगळीकडून सारखा येतो, बर्फावर सावली पडत नाही. याला फ्लॅट लाइट म्हणतात. दृश्यमानता चांगली असते, दहा मैलांवरचा डोंगर दिसतो, पण खालचा पांढरा भाग पन्नास फुटांवर आहे की पाच, ते कळत नाही. मग वैमानिक एकतर उंचावरच फ्लेअर करतो (टेकण्यासाठी नाक वर उचलतो) आणि स्टॉल होऊन (वेग पडून पंखांची उचल जाऊन) आपटतो, किंवा फ्लेअर न करताच बर्फात घुसतो.

उपाय तोच, जो फ्लोटप्लेनवाले आरशासारख्या शांत पाण्यावर वापरतात. लांबलचक, सरळ अप्रोच (उतरण्याच्या जागेकडे येण्याचा मार्ग) घ्यायचा. टेकण्याच्या बेताची नाक किंचित वर असलेली स्थिती आधीच पकडायची, थोडी पॉवर ठेवून मिनिटाला १०० ते १५० फूट इतकाच उतार ठेवायचा आणि स्पर्श होईपर्यंत काहीही बदलायचं नाही. फ्लेअरचा अंदाज घ्यायला जायचंच नाही. याला जागा भरपूर लागते, हे आधी मोजून घ्यावं. तलावाच्या मध्यावर उतरण्यापेक्षा किनाऱ्यावरच्या झाडांच्या रांगेला धरून उतरावं, म्हणजे बाजूच्या नजरेला उंचीचा आधार मिळतो. झाडं नसतील तर पहिल्या फेरीत झाडाच्या फांद्या किंवा वजन घातलेल्या काळ्या पिशव्या ओळीने टाकतात. एकच वस्तू टाकून भागत नाही, चार-पाच हव्यात. एका ठिपक्यावरून दिशा कळते, उतार कळत नाही.

पुनवेचा_चांद

फ्लॅट लाइट आणि व्हाइटआउट एकच ना?

हिमरेषा

नाही. व्हाइटआउटमध्ये क्षितिजच नाहीसं होतं. वर पांढरा ढग, खाली पांढरा बर्फ, मधली रेघ गायब. हवा स्वच्छ असतानाही हे होतं. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचं डीसी-१० अंटार्क्टिकात माउंट एरेबसच्या उतारावर आदळलं, २५७ जण गेले. समोरचा चढ त्यांना सपाट बर्फासारखा दिसत होता. ते विमान मोठं होतं, पण डोळ्यांची फसगत छोट्या विमानात तशीच होते.

तिसरा प्रकार आपणच तयार करतो. मोकळा भुसभुशीत बर्फ प्रोपेलरच्या वाऱ्याने उडतो आणि वळून टॅक्सी करताना (जमिनीवर विमान चालवताना) आपल्याच ढगात आपण सापडतो. हेलिकॉप्टरला हा त्रास सर्वात जास्त.

स्कीवाला

आता गोठलेल्या तलाव-नद्यांबद्दल, कारण स्कीची विमानं अडकतात ती जास्त करून इथेच.

बर्फाच्या घट्ट लादीवर जाड हिमाचा थर साचला की त्याच्या वजनाने लादी खाली दबते. भेगांतून पाणी वर येतं आणि हिमाखाली पसरतं. वरचं हिम पांघरुणाचं काम करतं, त्यामुळे बाहेर उणे तीस असलं तरी ते पाणी गोठत नाही. याला ओव्हरफ्लो म्हणतात. वरून सगळं कोरडं आणि देखणं दिसतं. स्की आत गेली की चिखलबर्फ तिच्या वर चढतो, विमान थांबतं आणि थोड्या वेळात सगळं दगडासारखं गोठतं. मग कुऱ्हाडीने फोडून काढण्यात दिवस जातो.

तपासायची पद्धत अशी. आधी उंचावरून एक फेरी मारून अडथळे, वाऱ्याची दिशा, करडे डाग, फुगलेल्या भेगा बघायच्या. मग नीट अप्रोच करून स्की नुसत्या टेकवायच्या. पॉवर चालू, वेग उड्डाणाच्या जवळपास, वजन अजून पंखांवर. असं जागेच्या पूर्ण लांबीभर घासत जायचं आणि उचलायचं. स्कीला ओढ जाणवली तर तिथेच पॉवर देऊन निघायचं. मग वर घिरट्या घालत काही मिनिटं स्कीच्या त्या खुणा बघत राहायचं. खुणा पांढऱ्या राहिल्या तर पुढची पायरी. काळसर, करड्या पडू लागल्या तर खाली पाणी आहे, जागा सोडायची. खुणा चांगल्या असतील तर त्याच रेघेवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा घासायचं आणि दर वेळी थोडं जास्त वजन टाकायचं. दाबलेलं हिम थंडीत तासाभरात बरंच घट्ट होतं, निघताना हीच रेघ आपली धावपट्टी होते.

उतरल्यावर लगेच थांबू नये. पॉवर ठेवून मोठा गोल काढत आपल्याच खुणेवर परत यावं आणि नाक निघायच्या दिशेला करून मग थांबावं. मऊ, न दाबलेल्या हिमात वळायला गेलात तर अडकलात.

टेलव्हील

स्कीवाला, पद्धत बरोबर, पण एक धोका ठळक करायला हवा. खुणा पाडणं हे काही निर्धोक काम नाही. मध्येच हिम खोल निघालं तर वेग पडतो आणि उरलेल्या लांबीत विमान उडत नाही. म्हणून जागेची निम्मी लांबी संपेपर्यंत उड्डाणाचा वेग हातात नसेल तर काय करायचं, ते आधी ठरलेलं असावं. आणि हे फक्त स्कीवर. चाकं असलेल्या विमानाने खोल हिमात ‘नुसतं टेकवून बघू’ म्हणणं म्हणजे सरळ उलटण्याला आमंत्रण.

स्कीवाला

मान्य. चाकांवर अजिबात करू नये, मोठ्या टुंड्रा टायरवरही खोल हिमात नाही. ते टायर गोटे आणि वाळूसाठी आहेत. हिमात रुंदीमुळे थोडी मदत होते, पण समोर ढीग साचला की तेही अडकतातच.

अनुजा_क

थांबल्यावरचीही गोष्ट आहे. घर्षणाने स्कीचा तळ किंचित गरम झालेला असतो, त्याखाली पातळ पाणी होतं आणि थांबताच गोठतं. म्हणून स्कीखाली फांद्या किंवा लाकडी पट्ट्या घालूनच विमान उभं करायचं. निघताना चिकटली असेल तर आधी स्कीच्या कडेने हिम मोकळं करायचं आणि इंजिन सुरू करण्याआधी शेपटी डावी-उजवीकडे हलवून बंध तोडायचा. फिरत्या प्रोपेलरजवळ माणूस उभा करून ढकलायला लावणं फार घातक आहे.

१९२८ च्या एप्रिलमध्ये संशोधक विल्किन्स आणि वैमानिक आयल्सन अलास्काहून आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन बेटावर गेले, तेव्हा वादळामुळे एका निर्जन बेटावर उतरून पाच दिवस अडकले होते. निघताना स्की सुटेनात म्हणून विल्किन्स बाहेरून ढकलत होते. विमान सुटलं ते त्यांना खालीच ठेवून, आणि आयल्सनला परत उतरावं लागलं.

पाना_आणि_पक्कड

स्कीच्या जोडणीवर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. साध्या स्कीच्या टोकाला बंजी (ताणला जाणारा रबरी दोर) असते, ती हवेत टोक वर धरते. शिवाय दोन तारा असतात. पुढची तार टोक फार खाली जाऊ देत नाही, मागची तार टोक फार वर जाऊ देत नाही. बंजी आणि पुढची तार दोन्ही गेल्या तर स्कीचं टोक हवेत खाली झुकतं, स्की वाऱ्याला आडवी होते, प्रचंड ओढ लागते आणि विमान नाक खाली घालतं. त्या वेळी पहिला उपाय म्हणजे वेग कमी करणं.

उड्डाणाआधी बोटांनी बघायच्या गोष्टी: बंजीचं कापडी वेष्टण उसवलंय का, आतले रबराचे धागे बाहेर डोकावतायत का. बंजीच्या वेष्टणात रंगीत धागे विणलेले असतात, त्यावरून ती कुठल्या वर्षी बनली ते कळतं. जुनी बंजी कडक थंडीत ताण धरत नाही. तारेवरून मोजा घातलेला हात फिरवा, तुटलेला एखादा पीळ लोकरीत अडकतो. तारेच्या दोन्ही टोकांचे पिन आणि त्यातल्या सेफ्टी पिना बघा. स्कीच्या तळाचं प्लास्टिक सोलून एखादा स्क्रू वर आला असेल तर तो ब्रेकसारखा घासतो आणि एका बाजूला ओढतो.

रनवे_नको

व्हील-स्कीवाल्यांसाठी (चाकं आणि स्की दोन्ही असलेल्या विमानांसाठी) वेगळा सापळा आहे. हायड्रॉलिक पंपाने स्की वर-खाली होते. डांबरी धावपट्टीवरून चाकांवर उडायचं, स्की खाली करायला विसरायचं आणि खोल हिमात चाकांवर उतरायचं, की खेळ संपला. प्रत्येक अप्रोचला मोठ्याने बोलावं: ‘खाली हिम आहे, स्की खाली.’ आणि दोन्ही बाजूंना डोळ्यांनी बघावं, कारण एक स्की खाली आणि एक अर्धवट असंही होतं.

गुरुत्वमध्य

धागाकर्त्याचा तिसरा प्रश्न राहिला: इंजिन बंद पडलं तर. तिथे खुणा पाडून बघायची चैन नाही. एफएए या अमेरिकी विमानवाहतूक नियामक संस्थेच्या विमानचालन हस्तपुस्तिकेचा सल्ला आहे की हिमावरचं सक्तीचं लँडिंग पाण्यावर उतरल्यासारखं करावं. विमानाची मांडणी तीच, आणि खोलीचा अंदाज चुकणार हे गृहीत धरून.

त्याच पुस्तिकेतलं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. ९ जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पट) एकसारखा अवरोध धरला तर ताशी ५० मैलांवरून थांबायला सुमारे ९.४ फूट पुरतात, ताशी १०० मैलांवरून ३७.६ फूट लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. म्हणून वाऱ्याला तोंड देऊन उतरणं ही हिमात सर्वात मोठी मदत. टेकताना हवेतला वेग ४५ नॉट (ताशी सागरी मैल) आणि वारा १५ नॉट असेल, तर समोरून वाऱ्यात जमिनीवरचा वेग ३०, पाठीमागून वाऱ्यात ६०. ऊर्जा चौपट. वारा कळायला झाडांवरून उडणारी हिमाची भुकटी आणि वाऱ्याने पडलेल्या ढिगांची शेपटं बघावी. ढिगांवरून गेल्या वादळाचा वारा कळतो, भुकटीवरून आताचा.

सास्त्रुगी, म्हणजे वाऱ्याने कोरलेले टणक कंगोरे, दिसले तर त्यांना समांतर उतरावं, वारा थोडा आडवा आला तरी. आडवं उतरल्यास प्रत्येक कंगोरा गिअरवर (चाकांच्या सांगाड्यावर) हातोडा मारतो.

टेलव्हील

गुरुत्वमध्य, ‘पाण्यासारखं’ म्हणजे चाकं आत घेणारी विमानं पोटावर उतरवायची का? पातळ हिम आणि खाली टणक जमीन असेल तर चाकं बाहेर ठेवून आघात गिअरला घेऊ द्यावा, असं मला वाटतं. पाठीचा कणा वाचतो.

गुरुत्वमध्य

बरोबर, सरसकट नियम नाही. गवताची टोकं, कुंपणाचे खांब, नांगरटीच्या रेघा वर दिसतायत, म्हणजे हिम पातळ आहे, तिथे चाकं बाहेर. सगळं गुळगुळीत, कुंपण गाडलेलं, झुडपांची फक्त शेंडी दिसते, तर खोल, तिथे चाकं आत. शंका असेल तर खोलच समजावं. स्थिर गिअरच्या विमानात पर्याय नसतो. तिथे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) पूर्ण, वेग शक्य तितका कमी पण स्टॉलच्या वर, स्टिक मागे, आणि उलटणार आहोत हे धरूनच तयारी. खांद्याचे पट्टे घट्ट, मोकळं सामान बांधलेलं, इंधनाचा कॉक आणि मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारं यंत्र) बंद, फ्लॅप विजेचे असतील तर ते लावून झाल्यावरच मास्टर स्विच (विजेचा मुख्य खटका) बंद. टेकण्याआधी दाराची कडी उघडून मध्ये बूट किंवा जाकीट अडकवावं. धड पिळवटलं की बंद दार चौकटीत अडकतं.

पुनवेचा_चांद

आणि उलटलंच तर?

अनुजा_क

पट्टा लगेच सोडू नये. आधी एक हात छताला टेकवून वजन घ्यायचं, मग बकल. थेट सोडला तर माणूस डोक्यावर पडतो आणि मानेला इजा होते. अपघात सुखरूप आणि मान मोडली, असं व्हायला नको. मास्टर बंद आहे ना बघायचं, कारण वरच्या पंखांच्या टाक्या आता खाली आहेत आणि व्हेंट व झाकणातून पेट्रोल गळत असतं. दार हिमाने दाबलं गेलं असेल तर खिडकी.

ईएलटीचा (अपघात झाल्यावर आपोआप संकटसंदेश पाठवणाऱ्या यंत्राचा) भरवसा धरू नये. अँटेना छतावर असते, विमान उलटलं की ती हिमाखाली जाते किंवा तुटते. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह १२१.५ मेगाहर्ट्झ ऐकत नाहीत, फक्त ४०६. जुनं यंत्र असेल तर वरून जाणाऱ्या विमानाने ते ऐकलं तरच उपयोग. म्हणून ४०६ चा खिशात मावणारा बीकन अंगावर हवा. मागच्या सीटवरच्या पिशवीत असून भागत नाही.

जागा कळवणं किती मोलाचं, त्याचं उदाहरण १९४६ चं. नोव्हेंबरमध्ये एक अमेरिकी सी-५३ विमान स्वित्झर्लंडच्या गाउली हिमनदीवर आदळून थांबलं, आतले सगळे १२ जण वाचले. पण आपण फ्रेंच आल्प्समध्ये आहोत अशीच त्यांची समजूत, आणि शोध भलतीकडे सुरू झाला. शेवटी २४ नोव्हेंबरला स्विस वैमानिकांनी दोन फिझलर श्टॉर्क विमानं स्की लावून हिमनदीवर उतरवली आणि सगळ्यांना खाली आणलं.

स्कीवाला

गाउलीचा उल्लेख केलात, तर स्विस वैमानिक हर्मन गायगर यांचंही नाव यायला हवं. मे १९५२ मध्ये त्यांनी वर-खाली होणाऱ्या स्की लावलेलं सुपर कब हिमनदीवर उतरवलं. चढावर उतरायचं आणि उतारावरून उडायचं ही रीत आल्प्समध्ये त्यांच्यामुळे रुजली. अलास्कातल्या डेनाली पर्वताच्या काहिल्टना हिमनदीवर, सुमारे ७,२०० फुटांवर, आजही गिर्यारोहकांना तसंच सोडतात. यात एका बिंदूनंतर गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) नाही, कारण समोरचा चढ विमानाच्या चढण्याच्या ताकदीपेक्षा जास्त असतो. शिवाय टेकल्यावर पॉवर काढली तर विमान चढावरच थांबतं आणि मागे घसरतं, स्कीला ब्रेक नाही. पॉवर ठेवून वर जायचं आणि उताराला आडवं करून थांबायचं.

हिमरेषा

थांबल्यावर विमानाजवळच राहावं, हेही लिहू या. माणूस शोधणं कठीण, विमान शोधणं सोपं. पण धातूच्या केबिनमध्ये झोपू नये, ती उष्णता शोषून घेते. हिमात चर खणून वर इंजिनचं पांघरूण ताणलं तर जास्त ऊब राहते. इंजिन ऑइल गरम असतानाच डब्यात काढून ठेवावं, थंड झाल्यावर ते निघत नाही. जळताना त्याचा काळा धूर पांढऱ्यावर लांबून दिसतो. पंखांवरचं हिम झाडत राहावं.

अलास्काच्या कायद्यात १५ ऑक्टोबर ते १ एप्रिल या काळात विमानात स्नोशूजचा (हिमावर चालायच्या रुंद तळव्यांचा) जोड आणि स्लीपिंग बॅग ठेवणं अनेक वर्षं बंधनकारक राहिलं, आणि चारहून जास्त माणसं असतील तर प्रत्येक जादा माणसामागे लोकरीची घोंगडी. कुऱ्हाड, सुरी, विस्तव पेटवायचं साहित्य, प्रथमोपचार पेटी हे वर्षभर.

वाऱ्याची_दिशा

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ मुद्द्यावर येतो. टेलव्हील यांनी सांगितलेला शेवटच्या टप्प्यातला दुबळा एलिव्हेटर माझ्या डोक्यात नव्हता. म्हणजे टेकण्याआधीच सगळं ठरतं हे माझं म्हणणं थोडं बदलायला हवं. खोली न तपासणं ही पहिली चूक, पण टेकल्यावर पॉवर लगेच काढणं ही दुसरी. प्रोपेलरचा वारा शेपटीवर असेल तर एलिव्हेटर आणखी काही क्षण काम करतो. बरोबर समजलो का?

टेलव्हील

बरोबर, पण स्टिक पूर्ण मागे असेल तरच. स्टिक पुढे आणि पॉवर जास्त, तर तीच पॉवर उलटवायला मदत करते. आणि ब्रेकला पाय लावायचाच नाही. टाचा फरशीवर, बोटं रडरच्या खालच्या कडेवर.

पाना_आणि_पक्कड

उलटलेलं विमान सरळ करणाऱ्यांसाठी शेवटचं. आधी टाक्या रिकाम्या करा. दोर शेपटीच्या मजबूत जागी बांधा, दुसऱ्या बाजूने आवर दोर ठेवा, नाहीतर सरळ होता होता ते चाकांवर आपटतं. सरळ झाल्यावर प्रोपेलर हाताने फिरवायचा नाही. पाठीवर असताना ऑइल सिलिंडरमध्ये उतरलेलं असतं. प्रत्येक सिलिंडरचा खालचा स्पार्क प्लग काढून ते गळू द्या, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रोपेलर फिरता असताना हिमात गेला असेल तर ‘मऊ हिम होतं, काही झालं नसेल’ हे चालत नाही. लायकॉमिंग इंजिनांना अशा वेळी क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचा गिअर (दातेरी चाक) आणि त्याचा बोल्ट तपासणं एफएएच्या एडी २००४-१०-१४ या सुरक्षा आदेशानुसार सक्तीचं आहे, ब्लेड सरळ दिसत असली तरी.